जिथे वारा आधी येतो आणि वीज शेवटी

रायगड जिल्ह्याचा दक्षिण किनारा नीट पाहायचा असेल तर मुरूडपासून निघावे. मुरूड सोडले की राजपुरीची खाडी लागते आणि तिच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला जंजिरा दिसतो. थोडे पुढे खोकरी गावात सिद्दी सरदारांच्या दगडी मकबऱ्यांचे घुमट आहेत. आगरदांड्याला गाडीसकट फेरीबोटीत चढायचे आणि पलीकडे दिघीला उतरायचे. मग बोर्ली पंचतन, दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर अशी गावे एकामागून एक येतात. बागमांडल्याला रस्ता संपतो. तिथून दुसरी फेरीबोट घेतली की समोर बाणकोट, म्हणजे रत्नागिरी जिल्हा.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सारा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. आजही इथे कोकणी मुसलमानांची वस्ती दाट आहे. बॅरिस्टर अंतुले साहेबांचे आंबेत गाव याच म्हसळा तालुक्यातले. मोहल्ल्यात फिरलात तर निम्म्या घरांना कुलूप दिसेल, कारण घरचे लोक मुंबईला, मुंब्र्याला, नाहीतर आखातात. रमजान आणि ईदेला मात्र सगळी कुलुपे उघडतात. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे गाव याच वाटेवर असेल.

गेल्या डिसेंबरात मी या वाटेने चार दिवस फिरलो. इथे येणारे पाहुणे समुद्राकडे पाहतात. मी बहुतेक वेळ विजेचे खांब पाहत होतो. बोर्लीच्या चहावाल्याने तर विचारलेच, "भाई, तुम्ही वीज खात्यातले का?" मी नाही म्हटल्यावर तो हसला आणि म्हणाला, "मग खांबांत काय आहे बघण्यासारखे?" त्याच्या टपरीसमोरच दोन खांब शेजारी शेजारी होते. एक नवा, सरळ. दुसरा जुना, कंबरेतून वाकलेला, रस्त्याच्या कडेला आडवा, वेलींनी झाकलेला. मी त्या वाकलेल्या खांबाकडे बोट केले. तो गप्प झाला आणि म्हणाला, "हा निसर्गचा."

या भागात 'निसर्ग' म्हटले की झाडे-डोंगर कुणाच्या मनात येत नाहीत. ते एका वादळाचे नाव आहे.

३ जूनची दुपार

३ जून २०२०, बुधवार. ईद-उल-फित्र होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. कोरोनाची टाळेबंदी चालू होती. मुंबईतली कामे बंद पडल्याने कितीतरी चाकरमानी गावीच होते. घरे भरलेली होती. हवामान खात्याने इशारा दिला होता. समुद्रकाठच्या वस्त्यांमधून लोकांना शाळांत आणि पक्क्या घरांत हलवले होते. धोका नको म्हणून वीजपुरवठा आधीच बंद केला होता. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, दिवेआगरच्या आसपास जमिनीवर आले.

दिवेआगरला एका वाडीत मला एक चाचा भेटले. नारळ आणि सुपारीची त्यांची जुनी वाडी आहे. ते म्हणाले, "आवाज असा होता की शेजारच्या खोलीत बोललेले ऐकू येत नव्हते. कौले उडताना पत्त्यांसारखी उडाली. पण माझे लक्ष कौलांकडे नव्हते. पोफळी मोडण्याचा आवाज येत होता, एकामागून एक. वडिलांनी लावलेल्या होत्या." सुपारीचे झाड उंच, सडपातळ असते. वारा एका दिशेने आला तर ते वाकून सोसते. वारा दिशा बदलत फिरला की मधूनच कडकन मोडते. नव्याने लावलेल्या पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षे तरी लागतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. त्या सुपारीवर मुलींची लग्ने आणि मुलांची शिक्षणे झालेली घरे इथे आहेत. एका दुपारी ते उत्पन्न गेले.

संध्याकाळी वारा पडला. लोक बाहेर आले तेव्हा रस्ता दिसत नव्हता. रस्त्यावर झाडे होती, झाडांखाली खांब होते आणि खांबांना गुंडाळलेल्या तारा होत्या. त्या रात्री मगरिबनंतर या किनाऱ्यावर अंधार झाला. मोठ्या गावांत तो काही आठवडे राहिला, आडबाजूच्या वाड्यांत महिन्याहून अधिक.

विजेची साखळी कुठे तुटते

महिनाभर वीज नाही म्हटल्यावर बाहेरच्या माणसाला वाटते, मोठे वीज केंद्रच बंद पडले असणार. इथला अंधार विजेच्या टंचाईचा नव्हता. वीज तयार करण्यात कोकण जुने आहे. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिऱ्याचे १९२७ साली. दोन्ही रायगड जिल्ह्यातच. मुंबईच्या कापड गिरण्या त्या विजेवर चालल्या. दक्षिणेला चिपळूणजवळ पोफळीला कोयनेचे पाणी टर्बाइन फिरवते. म्हणजे वीज या जिल्ह्याच्या डोंगरातून शंभर वर्षे वाहते आहे. तुटते ती शेवटच्या काही मैलांत.

म्हसळ्याला एक निवृत्त वायरमन चाचा भेटले. जोहरनंतर मशिदीच्या पायरीवर बसून त्यांनी मला ही साखळी जमिनीवर काडीने काढून दाखवली. मोठ्या मनोऱ्यांवरून येणारी उच्च दाबाची लाइन सबस्टेशनला येते. तिथून ११ किंवा २२ हजार व्होल्टचे फीडर निघतात, ते रस्त्याच्या कडेने खांबांवरून गावोगाव जातात. गावात डीपी असतो. तो हा दाब उतरवून घरात चालेल असा २३० व्होल्टचा करतो. डीपीपासून पुन्हा खांब, आणि शेवटच्या खांबापासून तुमच्या मीटरपर्यंत सर्व्हिस वायर.

"मनोरे सहसा पडत नाहीत," ते म्हणाले. "त्यांचा पाया खोल आणि आजूबाजूची झाडे तोडलेली असतात. पडतो तो आपला गावातला खांब. तो आठ-नऊ मीटरचा. एका बाजूला माड, दुसऱ्या बाजूला आंबा. वारा खांबाला जेवढे पाडतो त्याहून जास्त झाड पाडते. माड तारेवर पडला की तार तुटली तर बरे. तुटली नाही तर ती दोन्हीकडचे खांब ओढते, ते पुढचे ओढतात. रांगच्या रांग झोपते."

वाऱ्याचे गणितही कठोर आहे. वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. पावसाळ्यातल्या ताशी ६० किलोमीटरच्या झोताला दरवर्षी टिकणारा खांब १२० च्या वाऱ्यात चौपट मार खातो. त्यात इथली हवा खारी. समुद्रावरून येणारे मिठाचे कण लोखंडी खांबाला बुंध्याशी गंज चढवतात. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो आणि पहिल्या भुरभुर पावसात तो ओला झाला की वीज त्यावरून घसरून खांबात उतरते, लाइन ट्रिप होते. पुण्या-नाशकात दीर्घकाळ चालणारे सामान समुद्रकाठी लवकर म्हातारे होते. बोर्लीचा तो वाकलेला खांब मी जवळून पाहिला होता. त्याचा बुंधा हाताने सोलता येईल असा गंजलेला होता.

पस्तीस घरे

वायरमन चाचांनी मग दुरुस्तीचा क्रम सांगितला. आधी सबस्टेशनला येणारी मोठी लाइन. मग सबस्टेशन. मग ज्या फीडरवर सरकारी दवाखाना आणि पाण्याची योजना आहे तो. मग बाकीचे फीडर. मग एकेक डीपी. शेवटी सर्व्हिस वायरी. त्या जूनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यांतून पथके आली होती. टाळेबंदीमुळे मजूर मिळत नव्हते, सामानाच्या गाड्या अडकत होत्या, वरून पावसाळा सुरू झाला होता. जिथे क्रेन पोहोचत नव्हती तिथे गावकऱ्यांनी खांब खांद्यावरून आणि दोराने ओढत नेले. मोहल्ल्यातली पोरे, आळीतली पोरे, कोळीवाड्यातली पोरे एकाच दोराला होती.

"एक फीडर जोडला की पंधरा गावे उजळतात," चाचा म्हणाले. "एक डीपी जोडला की पस्तीस घरे. माणसे तीच, दिवस तोच. तुम्हीच सांगा, आधी काय जोडू?"

दुसऱ्या दिवशी डोंगराच्या कुशीतल्या एका वाडीत गेलो. तिथल्या एका खालाला मी हा हिशेब सांगितला. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप थांबवून म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे, बेटा. पण ती पस्तीस घरे आमची ना."

या दोन वाक्यांवर मी पुष्कळ विचार केला आहे. दोघांचेही खरे आहे. सगळ्यांत जास्त लोकांना आधी वीज देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. जगभरात हाच क्रम पाळतात. पण त्याचा परिणाम असा की समुद्राकडे तोंड करून असलेली किंवा डोंगराच्या शेवटच्या वळणावरची वाडी प्रत्येक वेळी शेवटी येते. तिथे वारा सगळ्यांत आधी पोहोचतो आणि वीज सगळ्यांत शेवटी. हे कुणाच्या दुष्टाव्याने होत नाही, म्हणून तक्रार करून बदलतही नाही. ते धरूनच तयारी करावी लागते.

लाइट गेली म्हणजे काय गेले

त्याच खालाच्या ओटीवर बसून मी विचारले, अंधाराचा फार त्रास झाला का? त्या म्हणाल्या, "अंधाराचे काय, कंदील होता. पाणी नव्हते."

आपण 'लाइट गेली' म्हणतो आणि दिव्याचा विचार करतो. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोकणातल्या घराने एकेक काम विजेच्या हवाली केले आहे. विहिरीवरचा रहाट गेला, पंप आला. पंप आल्यावर काठावरची कप्पी काढली, काही ठिकाणी विहिरीला जाळी घालून वरून स्लॅबही टाकला. बोअरवेलमध्ये तर बादली सोडताच येत नाही. वीज गेली त्या दिवशी टाकीत जेवढे पाणी होते तेवढेच. वरून जूनचा पाऊस कोसळत होता, पायाखाली विहीर भरलेली होती, आणि घरात वुजूला पाणी नव्हते.

मग पीठ. गिरणी विजेवर. डिझेलच्या चक्कीवर दोन-दोन तास रांग. मग फोन. मोबाइलचे मनोरे बॅटरीवर काही तास चालतात, नंतर जनरेटरला डिझेल लागते, आणि रस्ते तर बंद. आखातातली मुले फोन लावत राहिली. श्रीवर्धनच्या एका घरात आईला आपला मुलगा दुबईत रडत असल्याचे सहा दिवसांनी कळले. गाव सुखरूप असल्याचे त्याला कुणीतरी माणगावला जाऊन कळवले तेव्हा. मग पैसे. एटीएम बंद, बँकेचे कनेक्शन बंद. खिशात असेल तेवढी नोट चालली. मग बर्फ. पावसाळ्याची मासेमारी बंदी असल्याने त्या वेळी होड्या किनाऱ्यावरच होत्या, पण बर्फ कारखाना बंद म्हणजे साठवलेली मासळी गेली. आणि औषधे. मधुमेहाचे इन्सुलिन फ्रिजमध्ये होते, फ्रिज बंद.

एकाच तारेला आपण किती गोष्टी बांधल्या आहेत, हे ती तार तुटल्यावर मोजता येते. वृद्ध आणि आजारी माणसाच्या घरात ही मोजणी जिवावर येते. जनरेटर नाही, लिफ्टचा प्रश्न नाही, पण चौथ्या दिवशी दम्याच्या रुग्णाचे वाफारा यंत्र चालत नाही आणि दवाखान्यात न्यायला रस्ता नाही, अशी घरे प्रत्येक मोहल्ल्यात होती.

जंजिऱ्यातली दोन तळी

परतीच्या वाटेवर राजपुरीहून होडीने जंजिऱ्यात गेलो. किल्ल्यात गाइड कलाल बांगडी तोफ दाखवतो, बुरूज मोजून दाखवतो. मला थांबवून ठेवले ते आतल्या गोड्या पाण्याच्या दोन तळ्यांनी. चारही बाजूंना खारा समुद्र आणि मधे गोडे पाणी. या किल्ल्याने कितीतरी वेढे सोसले. भिंती मजबूत होत्या, तोफा होत्या, हे खरेच. पण बाहेरून एक घागर आली नाही तरी आतल्या माणसाला प्यायला पाणी होते, ही त्याच्या टिकण्याची मोठी बाजू.

आजच्या घराला तोफांची गरज नाही. पण बाहेरचा पुरवठा तुटला तर आत आपले काय आहे, हा प्रश्न तसाच आहे. ज्या वाड्यांत जुनी उघडी विहीर आणि दोर-बादली शिल्लक होती, तिथले लोक २०२० मध्ये कमी हैराण झाले, असे मला तीन गावांत तीन वेगळ्या माणसांनी सांगितले. श्रीवर्धनच्या एका मोहल्ल्यात मशिदीच्या विहिरीला जुना रहाट होता. कुणी तो काढून टाकायचा विषय काढला की एक बुजुर्ग अडवत. त्या महिन्यात अख्ख्या मोहल्ल्याने, आणि शेजारच्या आळीनेही, तिथून पाणी भरले. ते बुजुर्ग आता हयात नाहीत. अल्लाह त्यांची मगफिरत करो. त्यांचा रहाट मी पाहिला. त्याला नुकतेच तेल घातलेले होते.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. वादळाच्या बाबतीत तवक्कुल म्हणजे हाच दोर.

वादळे पुन्हा येणार आहेत

निसर्ग एकदाच आले असे समजून विसरून जाता आले असते. पण पुढच्याच वर्षी, १४ मे २०२१ ला ईद झाली आणि १६-१७ मे रोजी तौक्ते वादळ कोकणच्या किनाऱ्याला घासत गुजरातकडे गेले. पुन्हा झाडे पडली, पुन्हा वीज गेली. दोन्ही वर्षी वादळ ईदेच्या पाठोपाठ आले हा योगायोग. चांद्र वर्षामुळे ईद दरवर्षी अलीकडे सरकते, वादळांचा हंगाम सरकत नाही. अरबी समुद्रात तो मे-जून आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर असा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन काळ ताडून पाहिले, तेव्हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. समुद्र तापतो आहे आणि वादळाला त्यातूनच बळ मिळते. आपल्या आजोबांच्या अनुभवावर घर बांधून आता भागणार नाही.

पूर्व किनारा या बाबतीत आपल्याहून अनुभवी आहे. १९९९ च्या महावादळात ओडिशात हजारो माणसे दगावली. त्यानंतर तिथे निवारे बांधले, इशारा गावापर्यंत पोहोचवायची पद्धत बसवली. मे २०१९ मध्ये फनी वादळ पुरीजवळ धडकले तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवले होते आणि मनुष्यहानी कितीतरी कमी झाली. पण वीज? ती पुरीतही पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागले. माणसे वाचवायला आपण शिकलो. तारा वाचवणे अजून बाकी आहे.

त्याचे उपाय माहीत आहेत. आंध्रात विशाखापट्टणमला २०१४ च्या हुदहुद वादळाचा तडाखा बसल्यावर शहरात वीजवाहिन्या जमिनीखालून नेण्याचे काम हाती घेतले. आपल्याकडे अलिबागला राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून तसेच काम झाले आहे. जमिनीखालच्या केबलला वारा लागत नाही, माड पडत नाही. पण तिचा खर्च उघड्या तारांच्या कितीतरी पट असतो, आणि आत बिघाड झाला तर तो शोधायला वेळ लागतो. म्हणून दहा घरांच्या वाडीपर्यंत केबल येईल असे कुणी सांगत असेल तर त्यावर अवलंबून राहू नये. मधला मार्ग आहे. उघड्या तारांऐवजी आवरण असलेल्या, एकत्र वळलेल्या केबल खांबांवरून नेता येतात. दर काही खांबांनंतर एक जास्त मजबूत, ताण धरणारा खांब दिला तर पडझड तिथे थांबते, रांग झोपत नाही. लाइनखाली माड-आंबा लावायचा नाही, फांद्या मे महिन्यात छाटायच्या. निदान दवाखाना, पाणी योजना आणि मोबाइल मनोरा यांच्या लाइनी तरी पक्क्या हव्यात. ग्रामसभेत लेखी मागता येतील अशा या गोष्टी आहेत, आणि नुसत्या 'लाइट द्या' या मागणीपेक्षा त्यांचा उपयोग अधिक.

घराने आणि जमातीने काय करावे

फिरताना लोकांनी सांगितलेले आणि जाणकारांकडून पडताळलेले काही मुद्दे इथे देतो.

पाणी पहिले. विहिरीवर कप्पी, दोर आणि बादली असू द्या, पंप असला तरीही. स्लॅब टाकला असेल तर त्यात झाकण असलेली, माणूस पडणार नाही पण बादली जाईल एवढी जागा ठेवा. इशारा आला की टाकी, पिंपे, हंडे भरून ठेवा. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूला पाणी वाया घालवू नये, ही नबी (स.) यांची शिकवण आहे, अशा दिवसांत तिचा अर्थ नव्याने कळतो.

सौर ऊर्जेबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. पीएम सूर्यघर योजनेमुळे गावांत छतांवर पॅनेल दिसू लागले आहेत आणि लोकांना वाटते, आता लाइट गेली तरी आपले चालेल. साधी ग्रिडला जोडलेली सौर यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपोआप बंद होते. ती तशी मुद्दाम बनवलेली असते, नाहीतर तुमच्या पॅनेलची वीज तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्या माणसाला मारेल. वीज गेल्यावरही चालवायची असेल तर बॅटरी आणि त्या कामाचा इन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो. बसवण्याआधी विक्रेत्याला हा प्रश्न स्पष्ट विचारा. पॅनेल छताला घट्ट बांधले आहे ना, हेही पाहा. वादळात सैल पॅनेल उडते.

जनरेटरचेही तसेच. तो कधीही बंद खोलीत किंवा पडवीत लावू नये. त्याच्या धुरातला वायू वास न येता जीव घेतो. घराच्या वायरिंगला जोडताना चेंजओव्हर स्विच हवाच. वायरमन चाचा हे सांगताना फार गंभीर झाले होते. "आम्ही लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढतो," ते म्हणाले. "आणि कुणाच्या तरी घरातून उलटी वीज येते." आपल्या घरात पंखा फिरावा म्हणून दुसऱ्याच्या घरचा कमावता माणूस जाऊ नये.

पडलेल्या तारेला हात लावू नका, ती मेलेली वाटली तरी. मुलांना लांब ठेवा आणि १९१२ वर कळवा.

इन्सुलिन घेणारे घरात असतील तर डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. वापरात असलेली कुपी काही दिवस थंड, सावलीच्या जागी राहते. न उघडलेल्या कुप्यांसाठी ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके हा जुना उपाय अजून कामाचा आहे. दोन आठवड्यांची नेहमीची औषधे, थोडी रोकड, दळलेले पीठ, आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ हे मे महिन्यातच घरात असावे.

आणि जमातीने. प्रत्येक मशिदीत एक वही असावी: मोहल्ल्यात एकटे राहणारे वृद्ध कोण, गरोदर कोण, डायलिसिस किंवा इन्सुलिनवर कोण. ही वही मोहल्ल्यापुरती ठेवू नये; शेजारच्या आळीतली आणि वाडीतली नावेही त्यात यावीत. भोंग्याला बॅटरी असावी, म्हणजे फोन बंद पडले तरी इशारा देता येईल. एक सोलर चार्जिंगची जागा असावी, जिथे कुणीही येऊन फोन आणि टॉर्च भरून घेईल. गावाबाहेर निरोप कुणी, कुठल्या रस्त्याने न्यायचा हे आधीच ठरलेले असावे. आपण मशिदीला संगमरवर आणि झुंबरे देतो. विहिरीवरचा रहाट, तिचा गाळ काढणे, चार सौर कंदील हीही सदका-ए-जारियाच आहे, आणि त्याचा सवाब वादळाच्या रात्री मोजला जातो.

मुंबईत, पुण्यात, दुबईत, दोह्यात बसलेल्या वाचकांना एक विनंती. गावच्या घरात आता बहुधा अम्मी-अब्बा किंवा एखादी फूफी एकटीच असेल. गावी पैसे जातात, एसी जातो, मोठा फ्रिज जातो. यंदाच्या मे महिन्यात फोन कराल तेव्हा तब्येत विचारून झाल्यावर एवढेही विचारा: विहिरीवर कप्पी आहे का, आणि तिचा दोर नवा आहे का.